आयबीडीतील प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे : दुष्परिणाम वेळीच पकडण्याची क्रमवार पद्धत

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारांच्या (आयबीडी) रुग्णाला अझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक इंजेक्शन सुरू झाले की दोन परस्परविरोधी चुका हमखास घडतात. काही जण मळमळ झाली, केस गळले किंवा इंटरनेटवर कर्करोगाचा उल्लेख वाचला की कुणालाही न विचारता गोळी बंद करतात. उरलेल्यांचे पोट शांत होते, शौचाला रक्त जाणे थांबते, कामावर नियमित जाणे जमू लागते आणि मग ‘आता बरे आहे’ म्हणून रक्ततपासणीची तारीख सहज मागे पडते. माझ्या मते दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण अस्थिमज्जा किंवा यकृतावर होणारा परिणाम सुरुवातीला रुग्णाला जाणवतच नाही. तो आधी रिपोर्टात दिसतो आणि नंतर शरीरात. म्हणून तपासणी केव्हा करायची, हे तब्येत कशी वाटते यावर नव्हे, तर ठरलेल्या तारखेवर अवलंबून असले पाहिजे.

पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पाळावेत. औषधाची निवड, मात्रा आणि बदल हे सर्वस्वी उपचार करणाऱ्या पोटविकारतज्ज्ञाचे काम आहे. येथे रुग्णाने आणि घरच्यांनी करावयाच्या गोष्टी सांगितल्या आहेत.

टप्पा १ : पहिल्या गोळीपूर्वीच्या तपासण्या

सर्वांत आधी क्षयरोगाचा विचार करावा लागतो. मुंबईत क्षयरोगाचा प्रादुर्भाव मोठा आहे, औषधांना दाद न देणारा क्षयही येथे आढळतो, आणि लोकलचा डबा, चाळीतील खोली किंवा गाळ्यातील कारखाना अशा ठिकाणी संसर्ग कधी झाला हे कुणालाच कळत नाही. जंतू वर्षानुवर्षे शरीरात निद्रिस्त राहतात. इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडालिमुमॅब यांसारखी टीएनएफविरोधी बायोलॉजिक औषधे (टीएनएफ हे शरीरातील दाह वाढवणारे प्रथिन) त्यांना रोखून धरणारी यंत्रणाच सैल करतात. त्यामुळे छातीचा एक्स-रे, मांटू चाचणी आणि इग्रा ही रक्तचाचणी यांपैकी डॉक्टर जे सांगतील ते औषधापूर्वी पूर्ण करावे. मांटूचे इंजेक्शन घेतल्यानंतर ४८ ते ७२ तासांच्या आत हात दाखवायला जावे लागते. तिसरा दिवस उलटल्यावर गेल्यास चाचणी वाया जाते. शुक्रवारी टोचून घेतले आणि रविवारी ओपीडी बंद, हा प्रकार टाळण्यासाठी सोमवार किंवा मंगळवार निवडावा.

येथे क्रमाला महत्त्व आहे. स्टेरॉइडची मोठी मात्रा आधीच सुरू असेल तर मांटू आणि इग्रा या दोन्ही चाचण्या खोट्या नकारात्मक येऊ शकतात. आजार तीव्र नसल्यास ‘स्टेरॉइडपूर्वीच क्षयाच्या तपासण्या करून घेऊ का?’ हा प्रश्न रुग्णाने स्वतःहून विचारावा.

आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन्ही आजार दुर्बिणीतून बरेचसे सारखे दिसत असल्याने आपल्याकडे अनेकांना आधी क्षयाची औषधे देऊन पाहिलेली असतात. तो कोर्स कोणता होता, किती महिने घेतला आणि मध्ये खंड पडला का, याचे जुने कागद शोधून ठेवावेत. ‘टीबीच्या गोळ्या घेतल्या होत्या’ एवढ्या माहितीवर डॉक्टरांना फारसे काही ठरवता येत नाही.

निद्रिस्त क्षय आढळला म्हणजे बायोलॉजिकचा मार्ग बंद झाला असे नाही. प्रतिबंधक औषधे सुरू करून साधारणपणे किमान एक महिन्यानंतर इंजेक्शन दिले जाते. मात्र आयसोनायाझिडचा भार यकृतावर पडतो, त्यामुळे या काळात एलएफटीची (यकृताच्या रक्ततपासणीची) तारीख चुकवून चालत नाही.

याबरोबर हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एलएफटी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन या तपासण्या होतात. कांजिण्या होऊन गेल्या की नाही हे आईला किंवा मावशीला विचारून घ्यावे. खात्री नसेल तर त्याचीही रक्तचाचणी असते. अझाथायोप्रिन सुरू होणार असेल तर एनयूडीटी१५ आणि टीपीएमटी या जनुकीय चाचण्यांबद्दल विचारावे. भारतीयांमध्ये एनयूडीटी१५ मधील दोष अधिक महत्त्वाचा ठरतो: त्याच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर नेहमीच्या मात्रेनेही पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात, एक प्रत सदोष असेल तर मात्रा कमी ठेवावी लागते.

*सावधान :* जनुकीय चाचणी सामान्य आली म्हणून नियमित सीबीसीतून सुटका होत नाही. पेशी इतर कारणांनीही घटतात.

टप्पा २ : लसी

हा टप्पा औषध सुरू होण्यापूर्वीच उरकणे श्रेयस्कर, कारण नंतर काही लसी घेता येत नाहीत आणि काहींचा परिणाम कमी होतो. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि पीतज्वर या जिवंत जंतूंच्या लसी आहेत. त्या औषधापूर्वी किमान चार आठवडे घ्याव्या लागतात आणि औषध चालू असताना घेता येत नाहीत. फ्लू (इंजेक्शनची), न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी आणि नागिणीची नवी रिकॉम्बिनंट लस यांत जिवंत जंतू नसल्याने त्या औषध चालू असतानाही चालतात. फ्लूची लस दरवर्षी, मुंबईत शक्यतो पावसाळ्यापूर्वी घ्यावी.

आजार तीव्र असेल तर लसींसाठी उपचार अडवून धरू नयेत. घरातील तान्ह्या बाळाला रोटाव्हायरस किंवा पोलिओचे थेंब दिले असतील, तर पुढील काही आठवडे लंगोट बदलण्याचे काम रुग्णाने दुसऱ्याकडे सोपवावे.

टप्पा ३ : घरातील इतर औषधांची झडती

सुरू असलेली सर्व औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावीत. तोंडी सांगताना ‘ती बीपीची पांढरी गोळी’ यापलीकडे बहुधा जाता येत नाही. विशेष लक्ष पुढील चार गोष्टींवर ठेवावे.

युरिक अ‍ॅसिडसाठी दिले जाणारे अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट अझाथायोप्रिनच्या जोडीला आले की अझाथायोप्रिन शरीरात साठते आणि अस्थिमज्जा दबते. ही जोडी जिवावर बेतू शकते. गुडघा दुखतो म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलेल्या रुग्णाला ही गोळी सहज लिहून मिळते, कारण पोटाच्या आजाराची औषधे तेथे कुणी विचारत नाही आणि रुग्णही सांगत नाही.

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने लघवीच्या संसर्गासाठी किंवा जुलाबासाठी कोट्रायमोक्साझोल घेऊ नये. येथेही परिणाम अस्थिमज्जेवरच होतो.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके आयबीडी चाळवू शकतात. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल पुरते का, ते आधी पाहावे.

चौथी गोष्ट काढ्यांची. शेजारच्या काकू मायेने सांगतात, ‘अगं, गुळवेलीचा काढा घे, प्रतिकारशक्ती वाढते.’ येथे डॉक्टर जी शक्ती मुद्दाम दाबत आहेत तीच वाढवण्याचा हा खटाटोप होतो, आणि प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आहे. एसजीपीटी हा यकृताचा आकडा वाढला तर दोष काढ्याचा की गोळीचा हे ठरवता येत नाही, आणि बऱ्याचदा बंद होते ती उपयोगी पडत असलेली गोळी. काढा घेत असल्यास तो लपवू नये. डॉक्टर रागावतील, पण निदान बरोबर होईल.

टप्पा ४ : अझाथायोप्रिनचे पहिले बारा आठवडे

या औषधाचा पूर्ण गुण यायला साधारण तीन महिने लागतात, दुष्परिणाम मात्र पहिल्याच महिन्यात सुरू होऊ शकतात. ही विसंगती आधीच समजून घेतली नाही तर ‘फायदा शून्य, त्रास मात्र सुरू’ असे वाटून रुग्ण औषध सोडतो. डॉक्टर बहुधा कमी मात्रेपासून सुरुवात करून ती वजनानुसार वाढवतात; प्रति किलो २ ते २.५ मिलिग्रॅम ही नेहमीची पूर्ण मात्रा आहे.

सीबीसी आणि एलएफटी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात, आणि पुढे दर तीन महिन्यांनी, ही अनेक ठिकाणची पद्धत आहे. काही डॉक्टर पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी करवतात. मात्रा वाढवली की हे वेळापत्रक पुन्हा सुरुवातीपासून मोजायचे, आणि नेमके हेच विसरले जाते. सर्व तारखा पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहाव्यात. या दोन तपासण्यांसाठी उपाशी राहावे लागत नाही, त्यामुळे कामावर जाता जाता रक्त देता येते.

या काळातील त्रास एकसारखे नसतात. मळमळ बहुतेकदा जेवणानंतर किंवा रात्री गोळी घेतल्याने अथवा डॉक्टरांनी मात्रा विभागून दिल्याने आटोक्यात येते. पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीकडे जाणारी तीव्र कळ आणि उलट्या हा स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. तो बहुधा पहिल्या महिन्यातच होतो. आयबीडीच्या रुग्णाला पोटदुखी नवी नसते, म्हणून ‘नेहमीचेच असेल’ म्हणत तो दोन दिवस काढतो. कळ नेहमीपेक्षा वरची आणि वेगळी असेल तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि रक्तातील अमायलेज-लायपेज तपासून घ्यावे. निदान पक्के झाले तर अझाथायोप्रिन पुन्हा सुरू करत नाहीत.

तिसरे लक्षण केसांचे. महिन्याकाठी थोडे केस विंचरताना येणे वेगळे, आणि औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच उशीवर, न्हाणीघरात झुबकेच्या झुबके दिसणे वेगळे. असे झपाट्याने केस गळणे ही एनयूडीटी१५ दोषाची खूण असू शकते आणि पांढऱ्या पेशी कोसळण्याबरोबरच ती दिसते. शॅम्पू बदलण्यापूर्वी सीबीसी करावी.

*पडताळणी :* बारा आठवडे संपताना फाइलमध्ये किमान चार सीबीसी आणि चार एलएफटी तारखेनुसार लावलेले असावेत. एखादा कमी असेल तर पुढची गोळ्यांची खरेदी करण्यापूर्वी तो करून घ्यावा.

टप्पा ५ : रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, ठळक अक्षरांत काही नाही असे पाहून बंद केला जातो. येथे थोडे थांबावे. एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्याखाली न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) टक्क्यांत दिलेले असतात, आणि टक्केवारी फसवी असते. एकूण पेशी ३,२०० आणि न्यूट्रोफिल ४२ टक्के असा रिपोर्ट आला, तर ४२ टक्के पाहून कुणी घाबरत नाही. पण ३,२०० चे ४२ टक्के म्हणजे फक्त १,३४४. हा प्रत्यक्ष आकडा १,५०० च्या खाली असेल किंवा एकूण पेशी ३,५०० च्या खाली गेल्या असतील, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा. प्लेटलेट दीड लाखाखाली आल्या किंवा एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या दुपटीहून अधिक वाढले तरीही हेच करावे.

आकड्यांची दिशाही पाहावी. ७,८००, नंतर ५,९००, मग ४,३०० असे तीन रिपोर्ट वेगवेगळे पाहिले तर तिन्ही सामान्य आहेत. शेजारी ठेवले तर नाहीत. यासाठी शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी आणि वहीच्या एका पानावर तारीख, पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, प्लेटलेट, हिमोग्लोबिन आणि एसजीपीटी एवढेच उतरवावे. केईएम, सायन, नायर किंवा जे.जे.च्या ओपीडीत सकाळपासून केसपेपरच्या रांगेत उभे राहून डॉक्टरांसमोर मिळणाऱ्या थोड्या मिनिटांत मोबाइलमधील पीडीएफ उघडत बसण्यापेक्षा हे एक पान पुढे करणे केव्हाही चांगले.

उलट, अझाथायोप्रिनवर एमसीव्हीचा (लाल पेशींच्या सरासरी आकाराचा) आकडा थोडा वाढणे अपेक्षित असते. तो लाल रंगात छापून आला म्हणून स्वतःच बी-१२ ची इंजेक्शने सुरू करण्याचे कारण नाही. मात्र क्रोन्समध्ये लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असेल तर बी-१२ खरोखर कमी असू शकते, तेव्हा ते तपासून घ्यावे.

टप्पा ६ : इतर औषधांचे वेगळे नियम

*मेथोट्रेक्सेट.* ही गोळी किंवा इंजेक्शन आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास तोंडात फोड येतात, अस्थिमज्जा बंद पडते आणि मृत्यूही ओढवू शकतो. चूक कशी होते ते पाहा: दुकानदार सवयीने पाकिटावर १-०-० असे लिहितो, घरातील मंडळी तेच वाचून रोज सकाळी गोळी काढून देतात. जोडीला दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही लहान आणि पिवळी असू शकते, त्यामुळे अदलाबदल होते. वार ठरवून तो पाकिटावर पूर्ण शब्दांत लिहावा, ‘फक्त रविवार’ असा, आणि दोन्ही गोळ्या वेगळ्या डब्यांत ठेवाव्यात. दुकानदार ‘ताई, कंटेंट तेच आहे’ म्हणत दुसरा ब्रँड देतो तेव्हा मिलिग्रॅमचा आकडा मोठ्याने वाचून घ्यावा; २.५, ५, ७.५ आणि १० अशा गोळ्या मिळतात.

रक्त पुढच्या डोसच्या एक-दोन दिवस आधी द्यावे. डोसनंतर लगेच दिल्यास यकृताचे आकडे तात्पुरते वाढलेले दिसतात. कोरडा खोकला आणि धाप लागणे ही फुफ्फुसाच्या दाहाची खूण असू शकते. खोकल्याचे सिरप घेत बसू नये. मद्य टाळावे. गर्भधारणेत हे औषध पूर्णतः वर्ज्य आहे आणि मूल हवे असल्यास ते किमान तीन महिने, काहींच्या मते सहा महिने आधी थांबवावे लागते.

*स्टेरॉइड.* तीन आठवड्यांहून अधिक घेतलेले प्रेडनिसोलोन एकदम बंद केले तर रक्तदाब कोसळू शकतो; लिहून दिल्याप्रमाणे आठवड्यागणिक उतरवावे. चेहरा सुजला म्हणून मनानेच गोळ्या अर्ध्या करणे तितकेच चुकीचे. सकाळी गोळी घेणाऱ्याची उपाशीपोटी साखर सामान्य आणि दुपारनंतरची वाढलेली असू शकते, म्हणून जेवणानंतर दोन तासांची साखर तपासावी. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी लिहिले असेल तर ते ‘टॉनिक’ समजून वगळू नये. आणि जुने प्रिस्क्रिप्शन दाखवून दरवेळी स्वतःच कोर्स सुरू करणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की पुन्हा सुरू झालेला जुलाब हा आजार उलटल्याचाच असतो असे नाही. तो क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूच्या किंवा सीएमव्ही या विषाणूच्या संसर्गाचाही असू शकतो आणि तेथे नुसते स्टेरॉइड घातक ठरते. आधी शौचाची तपासणी, मग निर्णय.

*बायोलॉजिक.* प्रत्येक इन्फ्युजनपूर्वी (शिरेतून औषध देण्यापूर्वी) ताप, खोकला, लघवीला जळजळ, दाताचा फोड यांपैकी काही असेल तर ते बेडवर झोपण्यापूर्वी सिस्टरांना सांगावे; महागडी व्हायल उघडल्यानंतर सांगण्यात संकोच वाटतो आणि मग लपवले जाते. इन्फ्युजन चालू असताना छाती आवळल्यासारखी वाटणे, पुरळ किंवा थंडी जाणवली तर लगेच हाक मारावी. सांधेदुखी आणि ताप काही दिवसांनीही येऊ शकतो. इन्फ्लिक्सिमॅबमध्ये पैशांअभावी मोठा खंड पडला तर पुन्हा सुरू करताना प्रतिक्रिया येण्याची शक्यता वाढते. खर्चाची अडचण असेल तर डोस चुकण्यापूर्वीच बोलावे. वेडोलिझुमॅबचा परिणाम मुख्यतः आतड्यापुरता राहतो, त्यामुळे संसर्गाचा धोका तुलनेने कमी असतो.

*टोफासिटिनिब.* या गोळीच्या बाबतीत नागीण, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि रक्ताच्या गुठळ्या या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एका बाजूला पट्ट्यासारखी जळजळ आणि फोड दिसले तर तीन दिवसांच्या आत नागिणीचे औषध सुरू व्हावे. एकच पाय सुजला किंवा अचानक धाप लागली तर थेट इमर्जन्सीत जावे.

टप्पा ७ : ताप, विशेषतः पावसाळ्यात

घरात थर्मामीटर असलाच पाहिजे. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर त्याच दिवशी सीबीसी आणि डॉक्टरांना फोन. अझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट, टोफासिटिनिब किंवा बायोलॉजिकचा पुढचा डोस विचारल्याशिवाय घेऊ नये. स्टेरॉइड मात्र बंद करू नये. स्टेरॉइडमुळे ताप दबलेलाही राहतो, म्हणून थंडी वाजणे, गुंगी किंवा अचानक आलेला अशक्तपणा यालाही तापाइतकेच गंभीर मानावे.

जून ते सप्टेंबर या काळात मुंबईत मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो एकत्र फिरत असतात. डेंग्यूतही प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटतात, अझाथायोप्रिननेही घटतात. फरक करायला मागील महिन्याचा रिपोर्टच उपयोगी पडतो. म्हणून टप्पा ५ मधील वहीचे पान फोटो काढून घरच्यांच्या मोबाइलमध्येही ठेवावे. हिंदमाता किंवा सायनला गुडघाभर पाण्यातून चालत जावे लागले असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना किंवा महापालिकेच्या दवाखान्यात दाखवून लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावे आणि कोणती औषधे चालू आहेत ते तेथे सांगावे. या काळात पाणीपुरी, बर्फाचा गोळा आणि गाडीवरची कापलेली फळे टाळावीत. हा सल्ला कुणालाच आवडत नाही.

*सावधान :* बायोलॉजिक घेणाऱ्याला क्षय झाला तर तो अनेकदा फुफ्फुसाबाहेर असतो. खोकला नाही म्हणून क्षय नाही, असे धरू नये. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, मानेत गाठ किंवा पोटात पाणी यांपैकी काही आढळले तर औषधापूर्वीची चाचणी नकारात्मक असूनही पुन्हा तपासणी व्हावी.

टप्पा ८ : वर्षानुवर्षे औषध चालू राहिले तर

अझाथायोप्रिनने त्वचेच्या कर्करोगाचा आणि लिम्फोमाचा धोका वाढतो, पण एका रुग्णापुरता तो लहानच राहतो. बेलगाम आजाराचे धोके बहुतेकांसाठी त्याहून मोठे असतात. तरुण पुरुषांमध्ये अझाथायोप्रिन आणि टीएनएफविरोधी औषध एकत्र दीर्घकाळ देण्याबाबत डॉक्टर अधिक सावध असतात, तेव्हा ‘दोन्ही किती काळ?’ हे विचारायला हरकत नाही. उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्या, भरत नसलेली जखम किंवा बदलणारा तीळ त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणे, आणि स्त्रियांनी गर्भाशयमुखाची पॅप तपासणी नियमित करणे एवढे पुरते.

गर्भारपणात अझाथायोप्रिन आणि टीएनएफविरोधी औषधे सहसा चालू ठेवली जातात. घाबरून ती सोडल्याने आजार उलटला तर बाळालाच धोका वाढतो. मात्र टीएनएफविरोधी औषधे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि जन्मानंतर काही महिने त्याच्या रक्तात राहतात. आपल्याकडे बीसीजी आणि पोलिओचे पहिले थेंब जन्मानंतर लगेच, बहुधा घरी सोडण्यापूर्वीच दिले जातात, आणि दोन्ही लसी जिवंत जंतूंच्या आहेत. अशा बाळाला बीसीजी दिल्यानंतर तिचा संसर्ग शरीरभर पसरून मृत्यू झाल्याची नोंद आहे. म्हणून जिवंत लसी किमान सहा महिने, काही मार्गदर्शक सूचनांनुसार बारा महिने पुढे ढकलतात. सातव्या महिन्यातच बालरोगतज्ज्ञाची भेट घेऊन हे ठरवावे, त्यांची चिठ्ठी प्रसूतीच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावावी, आणि प्रसूतीच्या दिवशी बाळाजवळ जो थांबणार असेल, मग ती आजी असो वा आत्या, तिला ‘फाइल पाहिल्याशिवाय कोणतीही लस नको’ एवढे वाक्य सांगून ठेवावे.